ककणेराच्या अकरा फेऱ्या

दर्शना माझी धाकटी जाऊ. तिच्यावर मी पहिल्यापासून जळत होते असं नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला तांदळाची भाकरी थापता येत नव्हती, उकड काढायला मीच शिकवली. जिला आपण भाकरी शिकवली तिच्यावर जळायला वेळ लागतो. मला पंधरा वर्षं लागली. पण एकदा पेटलं ते असं पेटलं की समोर ती नुसती हसताना दिसली तरी माझं जेवण खाली उतरत नसे.

आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी पाण्याला निघाले तर तिच्या पडवीवर निळ्या अक्षरांची नवी पाटी, 'चाकरमानी होमस्टे'. निलेश, म्हणजे तिचा नवरा आणि माझा दीर, शिडीवर उभा राहून शेवटचा खिळा ठोकत होता. त्याने विचारलं, वयनी, कशी वाटते? मी छान म्हटलं, विहिरीवर गेले आणि रिकामी कळशी घेऊन तशीच परत आले.

आता चाकरमानी हा शब्द काही मी शोधून काढलेला नाही. मुंबईला नोकरीला असलेल्या बाप्या माणसाला अख्खं कोकण चाकरमानीच म्हणतं. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, कुळथाचं पीठ पिशवीत भरून परत जातो. पण पाखराला तो शब्द लावला तो मी. त्या पाटीवरचा चाकरमानी माणूस नव्हता, पाखरू होतं, आणि ते माझं होतं.

लांज्यापासून आत वळलं की आमचं गाव. देवळामागे देवराई आहे, तिथली काडीसुद्धा कोणी घरी आणत नाही, आणि तिला लागूनच वनखात्याचं रान. मधून पऱ्या वाहतो. पऱ्याच्या अलीकडे आमचा वाफा आहे, थंडीत मी तिथे पावटा लावते. वाफ्यातून मान वर केली की समोर वेहेळ्याचं जुनं झाड दिसतं आणि त्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेराची मादी जाऊन बसते. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात, पाहुणे हॉर्नबिल म्हणतात. मादी आत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि पिल्लू मोठं होईतो बाहेर येत नाही. नर उंबरं आणतो, पायरीच्या झाडाची फळं आणतो, एखादा सरडा आणतो आणि त्या फटीतून भरवतो. तो आला नाही तर ती आत उपाशी.

चार वर्षांपूर्वी शिमग्याला आमचे हे आले नाहीत. संदेश नाव त्यांचं, भिवंडीला गोदामात असतात. रजा मिळाली नाही म्हणे. अंगणात पालखी आली तेव्हा नारळ घेऊन पुढे व्हायला आमच्या दारात बाप्या नव्हता, निलेशने त्याचा नारळ दिला आणि त्याच हाताने आमचाही दिला. दुसऱ्या दिवशी मी वाफ्यात जाऊन बसले. कामाला हात लावला नाही. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत नर किती वेळा येतो ते मोजत राहिले. अकरा वेळा आला. दुपारी दर्शना मला जेवायला बोलवायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, "बघ, खरा चाकरमानी ह्यो. दिवसातनं किती येळा घराला येतो."

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या शेजारी बसली. निलेश त्याच्या वर्षभर आधीच मुंबई सोडून कायमचा घरी आला होता. तेव्हा तिला दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला काय जात होतं?

त्यानंतर एकदोन फोटोवाले आले, मग त्यांचे मित्र आले, मग मित्रांची बायकामुलं आली. निलेशने पडवीला लागून दोन खोल्या काढल्या, दर्शना स्वयंपाकही करायची आणि पाहुण्यांना पाखरं दाखवायलाही न्यायची. खोटं कशाला बोलू, काम ती नीट करत होती. एका वेळी सहाच माणसं. वाफ्याच्या वरच्या अंगाला कातळ आहे, तिथेच बसवायची, पऱ्या ओलांडू द्यायची नाही. भडक कपड्यांवर तिची शाल टाकायची. एका साहेबाने फोटोच्या आड येणारी फांदी तोडली तर त्याला तिने चहासुद्धा न देता परत पाठवलं होतं.

पण मी खाली पावट्याच्या शेंगा तोडत असताना वरून तिचा आवाज यायचा. आतमध्ये बाई दार लिंपून बसलीय, आणि तो बघा आमचा चाकरमानी, दिवसाला अकरा वेळा घरी येतो, बाकीच्या चाकरमान्यांसारखा वर्षातून दोनदा नाही. मग हशा. माझं रडं होतं ते, आणि त्यावर पुण्याची माणसं पोट धरून हसत होती. मी शेंगांऐवजी वेलच उपटून काढला होता हे मला नंतर दिसलं.

पुढे पेपरात तिचा फोटो आला, 'दर्शनाताईंचा चाकरमानी'. आमच्या ह्यांनी भिवंडीहून ते कात्रण मला फोनवर पाठवलं आणि खाली लिहिलं, बघ, आपली दर्शना. मी दोन दिवस त्यांचा फोन उचलला नाही. रात्री जेवणं झाली की भिंतीपलीकडून दोघांच्या बोलण्याचा आवाज यायचा. काय बोलतात ते कळायचं नाही, नुसती गुणगुण. मी टीव्ही मोठा करायची. नवरा घरी, नाव पेपरात, आणि ज्या शब्दावर हे सगळं उभं होतं तो माझ्याकडून नेलेला. एखादीला देवाने किती द्यावं?

यंदाच्या जानेवारीअखेर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पत्र लागलं. देवराई आणि शेजारचं रान मिळून संवर्धन राखीव क्षेत्र व्हायचं होतं, त्यातल्या शाश्वत पर्यटनाच्या व्यवस्थापनाबाबत 'स्थानिक भागधारकांची' बैठक बोलावली होती. शाश्वत म्हणजे काय ते कोणाला कळलं नाही, पण भागधारक सगळ्यांना बरोबर कळलं. आमच्याकडे भाग म्हणजे जमिनीतला वाटा. देवराईच्या वाटण्या होणार, अशी बातमी संध्याकाळपर्यंत मुंबईला पोचली. बैठकीला दोन गाड्या भरून भावकी आली. वीस वर्षांत ज्यांना गावची वाट सापडली नव्हती त्यांना त्या दिवशी अचूक सापडली. प्रत्येकाच्या काखोटीला सातबारा.

बैठक घ्यायला रत्नागिरीच्या एका संस्थेतून ऋजुता नावाची मुलगी आली होती. तिने समोर एवढे सातबारे बघितले आणि बिचारी गोंधळून गेली. मग तिने समजावलं की इथे वाटणी नाही, ह्या रानाशी ज्याचा म्हणून संबंध आहे तो प्रत्येक जण भागधारक, नावावर जमीन असो वा नसो. हे ऐकून निम्मी मुंबई जेवायला उठून गेली. आमचे चुलत सासरे रावजी, देवळात पहिला मान त्यांचा, त्यांनी शांतपणे विचारलं, "मग देवीला पण फारम देणार काय?"

उरलेल्यांनी आपापलं सांगितलं. रावजींचं म्हणणं, राई देवीची, पायात चपला घालून माणसं येतात, बंदच करा. गुरुप्रसादची जीप आहे, त्याला थेट वेहेळ्यापर्यंत रस्ता पाहिजे होता. वनरक्षक म्हणाले, दिवसाला वीस माणसं आणि सगळ्यांची नोंद. बायकांना एवढीच काळजी होती की राखीव झालं तर शेजारच्या रानातला पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणायचा की नाही. दर्शना उठून म्हणाली, सहा माणसं, एक कातळ, आणि पाऊस लागला की बंद, चाकरमान्याला त्रास होता नये. सगळे हसले. ऋजुताने तेवढं वाक्य लिहून घेतलं. माझ्या डोक्यात मात्र तो भागधारक शब्द जाऊन बसला. प्रत्येकाचा भाग आहे, मग माझा कुठला? ज्या रानाकडे मी बावीस वर्षं बघत होते त्यातलं माझ्या वाट्याला काय आलं?

दुसऱ्या दिवशी ऋजुता घरोघर फॉर्म भरून घेत फिरली. माझ्या पडवीत बसून तिने विचारलं की पर्यटकांमुळे पक्ष्यांवर काही परिणाम झालाय असं वाटतं का. होय, नाही, सांगता येत नाही, असे तीन चौकोन होते. नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडे दर्शना कोणाशी तरी फोनवर बोलत होती, मार्चच्या सगळ्या शनिवार-रविवारांना खोल्या भरल्यात म्हणून सांगत होती, आणि मधेच मोठ्याने हसली.

मी म्हटलं, "होय. आधी नर दिवसाला अकरा येळा यायचा. आता तीनदा येतो. मी मोजलंय."

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मी सांगू शकत नाही असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मला चांगलं ठाऊक होतं मी काय करत होते. दोनच दिवसांपूर्वी तो दहा वेळा आला होता. ऋजुताच्या तोंडावरचा रंग उतरला. तिने दोनदा विचारलं, तीनच? मी तीनच म्हटलं. लिहून ठेवलंय का? मी म्हटलं, डोक्यात आहे. तिने सगळं टिपून घेतलं, कागद गोळा केले आणि उठता उठता म्हणाली, "बरं झालं तुमच्याकडे आले. दर्शनाताईच म्हणाल्या, ककणेराचं काय विचारायचं ते जाऊबाईंना विचारा. मला जे येतं ते त्यांनीच शिकवलं, तो चाकरमानी शब्दसुद्धा त्यांचाच."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. ऋजुता चपला घालत होती. त्या वेळात मला सांगता आलं असतं, अगं थांब, चुकून बोलले. चुकून म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला वाटलं, दर्शनाने श्रेय दिलं ते असं परस्पर दिलं, दुसऱ्याच्या कानात, माझ्यासमोर कधी नाही. त्याचाही मला राग आला. मी ऋजुताला अंगण ओलांडून जाऊ दिलं.

आठवड्याभरात ग्रामसभा झाली. ऋजुताने माझं नाव घेऊन आकडे वाचले. म्हणाली, पडताळणी करूच, पण तोपर्यंत धोका पत्करायला नको, मादी आत आहे. पिल्लू बाहेर पडेपर्यंत पाहुण्यांना पूर्ण बंदी. रावजींना तर हेच हवं होतं, त्यांनी लगेच हात वर केला. वनरक्षकांनी केला. मग दर्शनाने केला, सगळ्यांच्या आधी नाही, पण केला. नर किती वेळा येतो याची रोजची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मला वही मिळाली, गळ्यात घालायला फोटोचं कार्ड मिळालं. त्या दिवशी मला आनंद झाला. हेही सांगूनच टाकते.

मार्चचे पाहुणे एकेक करून रद्द झाले. पाखरू बघायला मिळणार नाही तर आत कशाला यायचं, समुद्र थोडाच आहे आमच्याकडे. दोन खोल्यांना कुलूप लागलं. मी रोज वाफ्यात बसून खरे आकडे लिहायची, खोटं लिहायला हात धजावला नाही. दहा. अकरा. नऊ. अकरा. मला वाटलं, खरे आकडे गेले की ऋजुताच्या लक्षात येईल, आणि मी तोंड न उघडता बंदी उठेल. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाली, नम्रताताई, तीनवरून अकरावर. बंदीचा इतका स्पष्ट परिणाम आम्ही कुठेच बघितला नाही. आता दरवर्षी जानेवारी ते जून बंद ठेवावं असंच अहवालात लिहितेय. मी खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता, आणि आता खरं लिहीत होते तर त्या खऱ्याने खोटंच पक्कं केलं.

दर्शना रोज संध्याकाळी मागच्या दाराने यायची. आज किती, एवढंच विचारायची. मी आकडा सांगितला की डोळे मिटून देवीला हात जोडायची. एकदा चुलीजवळ बसली आणि रडली. "मी पाखराला उपाशी मारलं असतं, जाऊबाय. मला वाटायचं कातळावरनं काय व्हतंय. अख्खा दिवस मोजत मी कधी बसले नाय. मी लांब ऱ्हायले तसा आला बघा तो." मी तिच्यासमोर चहा ठेवला. तिच्या पाठीवर हात ठेवायला माझा हात उचलला नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निलेशने सांगितलं की तो मुंबईला चाललाय. आमच्या ह्यांनीच आपल्या गोदामात त्याचं काम बघून दिलं होतं. दरवर्षी सहा महिने बंद म्हटल्यावर होमस्टेवर घर चालणार नव्हतं, पोरीची दहावी तोंडावर आली होती. त्याला सोडायला आम्ही दोघी फाट्यावर गेलो. दुपारची गाडी होती. निलेश माझ्या पाया पडला, म्हणाला, वयनी, हिच्याकडे बघा. मग दर्शनाकडे न बघताच गाडीत चढला, कारण बघितलं असतं तर त्याच्याने चढवलं नसतं. ती गाडीच्या काचेबरोबर चार पावलं चालत गेली आणि थांबली. शिमग्याला आमचे हे परत जायचे तेव्हा मीही अशीच चार पावलं जायची.

मला वाटलं होतं, भिंतीपलीकडची गुणगुण थांबली की मला बरं वाटेल. दर्शना परत आली, पदर सारखा केला आणि सवयीने विचारलं, "आज किती?"

"आज मोजलं नाय. काल अकरा," मी म्हटलं. "परवा पण अकरा. तुझी माणसं कातळावर बसायची तेव्हा पण तेवढ्याच येळा यायचा. तीनचा आकडा मी माझ्या मनाचा सांगितला."

ती माझ्याकडे बघत राहिली. हायवेवरून टँकर गेला, धुळीने आम्ही दोघी भरलो, पण तिने डोळेसुद्धा पुसले नाहीत.

"कशाला ओ?"

"मला बघवलं नाय," मी म्हटलं. "तुझं."

ती आता ओरडेल, मारेल, असं मला वाटलं. मला ते हवं होतं. तिने फक्त विचारलं, "मग हे कशाला गेले?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, ऋजुताताईंना फोन लावा.

मी तिथेच, फाट्यावरच्या शेडमध्ये उभी राहून फोन लावला. स्पीकर चालू केला, म्हणजे दर्शनाला वाटू नये की मी काही गाळतेय. ऋजुताला सांगितलं की तीन हा आकडा खोटा होता, जावेवरच्या रागाने सांगितला, बंदीआधीही नर दहा-अकरा वेळा येतच होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती शांतपणे म्हणाली, "मग बाकीचे आकडे तरी खरे कशावरून, नम्रताताई? मला तुमची सगळीच वही बाजूला ठेवावी लागेल. आधीचं, नंतरचं, काहीच धरता येणार नाही."

बावीस वर्षांत माझी म्हणून एकच गोष्ट होती, ते मोजणं, आणि तेही माझ्यामुळेच गेलं. दर्शनाने फोन माझ्या हातातून घेतला.

"ताई, मी दर्शना बोलतेय," ती म्हणाली. "तो एक आकडा सोडा. बाकी सगळे खरे हायत. जाऊबाय मोजण्यात चुकत नाय."

ऋजुता काहीतरी विचारत होती, पण दर्शनाने फोन बंद केला, माझ्या हातात दिला आणि घराची वाट धरली. नेहमी ती माझ्यासाठी वळणावर थांबते. त्या दिवशी थांबली नाही.